दोन टोले

रविवार, २ मार्च

ताई वर गेल्यापासून घरात जो तो मला गप्प बस म्हणतोय. मी म्हणे फार बोलतो. बायको म्हणाली, "एवढं उतू जातंय तर लिहून काढ," आणि ही वही समोर आपटली. तर लिहितो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. सध्या पृथ्वीभोवती घिरट्या घालणाऱ्या स्थानकात राहते. जुलै उजाडला की उतरणार. मी लिफ्ट दुरुस्त करतो. आमचे वडील, अण्णा, जन्मभर तेच करत होते. आई फार लवकर गेली, त्यामुळे शाळा सुटली की आम्ही दोघं अण्णांच्या मागं, या इमारतीतून त्या इमारतीत. मी पाना धरून उभा, आणि ताई लिफ्टमध्ये, खाली जायला निघाली की बरोबर त्या क्षणाला उडी मारायची. पोटात खड्डा पडायचा तो तिला आवडायचा. मला ओकारी यायची. एकीनं खड्ड्यातच घर केलं, दुसरा अजून पाना धरून उभा आहे.

आज ती पहिल्यांदा पडद्यावर दिसली. दर रविवारी दुपारी असं बोलता येणार आहे. तोंड इतकं सुजलेलं की अण्णा ओरडलेच, "काय गं, गालगुंड झालं की काय?" तर म्हणाली, खाली असताना रक्त पायांकडे ओढलं जातं, तिथं ओढायला कोणी नाही, म्हणून सगळं डोक्याकडे येऊन बसतं. "पाय कोंबडीचे झालेत आणि तोंड भोपळ्याचं. ठोंब्या, हसू नकोस." ठोंब्या म्हणजे मी. चाळिशी आली तरी ठोंब्याच.

बोलणं संपताना टोले झाले. हे आमच्या घरचं खूळ आहे. लिफ्ट ज्या उभ्या बोगद्यातून वरखाली करते तिथं हाका कळत नाहीत, नुसतं घुमतं. म्हणून आम्ही लोखंडी रुळावर पान्यानं टोले मारतो. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे वर, तीन म्हणजे खाली. अण्णांनी ही भाषा घरी आणली. ताई खाली आवारात हुंदडत असली की आमच्या तिसऱ्या मजल्यावरून पाण्याच्या पाइपवर दोन टोले पडायचे, वर ये, जेवायला. मग ती परीक्षेला निघाली की दारावर दोन, विमान शिकायला निघाली तेव्हा तिच्या पेटीवर दोन. आज टेबलावर दोन. तिनंही तिथल्या भिंतीवर दोन मारले, आणि त्या धक्क्यानं स्वतःच मागं गेली. अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

सोमवार, ३ मार्च

काल मुद्द्याचं राहूनच गेलं. बायको म्हणते तसं आहे माझं, पाल्हाळ सगळं, गाभा नाही.

उड्डाणाच्या आधी आम्ही ताईला भेटायला गेलो होतो. मध्ये काच. जंतू लागू नयेत म्हणून तिला कोणी शिवायचं नाही. तिथं अंतराळ केंद्रातल्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आमच्या समोर ताईला विचारलं, "तुम्ही वर असताना घरी काही वाईट घडलं तर तुम्हाला कळवायचं की नाही?" असं तोंडावर विचारतं का कोणी? पण तो तिथला रिवाजच आहे म्हणे, जाणाऱ्या प्रत्येकाला विचारतात.

ताई पटकन म्हणाली, "नाही. उतरता येणार नाही, नुसतं कळून काय करू? खाली आल्यावर सांगा. आणि सांगायचं ते ह्यानं." काचेतून माझ्याकडे बोट. "ठोंब्या, माझी शपथ घे."

घेतली. काय करणार.

अण्णा म्हणाले, "अगं मला कुठं जायचंय? तू उतरेस्तोवर हा मी तळमजल्यावर उभा." आणि काचेवर दोन टोले.

बुधवार, १२ मार्च

ताईचा फोन आला, नुसत्या आवाजाचा. आता सांगते, की पहिले दोन-तीन दिवस ओकून ओकून जीव नकोसा झाला होता. वर कुठलं आणि खाली कुठलं हेच डोक्याला कळत नव्हतं. झोपताना पिशवीत शिरून पिशवी भिंतीला बांधायची, नाहीतर माणूस रात्रभर हिंडतं. आणि ताई दोन इंच वाढली आहे! मणके सैल होतात म्हणे. पाठ ठणकते, पण शेवटी माझ्यापेक्षा उंच झाली, याचाच तिला आनंद.

बायकोनं विचारलं, तिथं वजन जातं कुठं? अण्णा खुशीत आले. "सूनबाई, लिफ्ट वर निघाली की आपण जड होतो. खाली निघाली की हलके. दोर तुटला तर पार हलके. ताईचं घर तसं पडतंच आहे. पण ते पुढं इतकं जोरात धावतंय की पडता पडता दरवेळी पृथ्वीच्या कडेनं निसटतं. जमीन येतच नाही."

"म्हणजे ताई सारख्या पडतायत?" हिच्या तोंडचं पाणी पळालं.

"पडतेय, आणि पडता पडता जेवतेय," अण्णा म्हणाले.

रविवार, ३० मार्च

आज ताईनं धावून दाखवलं. खांद्यावरून पट्टे, पट्ट्यांना ताण, तो तिला खाली फळीवर दाबून धरतो तेव्हा कुठं धावता येतं. रोज दोन तास व्यायाम, नाहीतर हाडं ठिसूळ होतात. तळपायाची कातडी सालं निघावीत तशी निघतेय, कारण तळपायांना कामच नाही. उलट पायाच्या वरच्या बाजूला घट्टे पडलेत, दांड्याखाली पाय अडकवून राहावं लागतं म्हणून.

"अण्णा, तुम्ही चालता ना रोज?"

"चालतो की."

धादांत खोटं. खुर्ची ते गॅलरी एवढंच. परवा आमचीच लिफ्ट बंद होती तर जिना चढताना दोनदा पायरीवर बसले. गॅस झालाय म्हणाले.

दुपारी एक गंमत. अण्णा कधी कबूल करत नाहीत की ते घोरतात. हिनं त्यांचं घोरणं फोनवर रेकॉर्ड केलं आणि चहाच्या वेळी वाजवलं. चांगलं लांबलचक आहे, आणि शेवटी हिलाच हसू आवरलं नाही ते खिदळणंही त्यात आलंय. अण्णांनी शांतपणे ऐकलं आणि निकाल दिला, "मोटरचं बेअरिंग गेलंय. माझा काही संबंध नाही."

मंगळवार, ८ एप्रिल

अण्णा गेले.

जेवून पडले होते. ही चहा घेऊन उठवायला गेली. मी एका बँकेच्या इमारतीत लिफ्टच्या डोक्यावर होतो, हात ग्रीसनं माखलेले, म्हणून फोन उचलला नाही. दोनदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कळलं.

गुरुवार, १० एप्रिल

काल सगळं उरकलं. पेपरात दिलं नाही. चारच माणसं बोलावली, त्यांनाही हात जोडून सांगितलं, कुठं बोलू नका.

डॉक्टरबाईंचा फोन आला. बाई चांगल्या आहेत, घाई करत नाहीत. म्हणाल्या, ताईंनी नको म्हणून सांगितलंय, तेव्हा आम्ही आपणहून सांगणार नाही. त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. पुढच्या महिन्यात त्यांना स्थानकाच्या बाहेर पडून काम करायचं आहे. बाकी तुम्ही घरचे, तुम्ही जाणता.

मी काय जाणतो डोंबल! आत्तापर्यंत असं काही आलं की मी अण्णांना विचारायचो.

ही म्हणते, सांगून टाक, बापाचं मरण असं लपवू नये. मी म्हटलं, शपथ घेतलीय. ही म्हणाली, शपथ घेतली तेव्हा अण्णा जिवंत होते. यावर मी ओरडलो. मग रडलो. तिनंच पाणी आणून दिलं.

नाही सांगायचं. त्या डब्यात कोंडलेली, शेजारी आपलं माणूस नाही. तिला बाहेर पोकळीत काम करायचंय, चित्त थाऱ्यावर नको का? मी सांभाळीन. एवढं मला जमलंच पाहिजे.

रविवार, १३ एप्रिल

निभावलं!

अण्णांची खुर्ची तशीच ठेवली, पाठीवर त्यांचा मफलर. ताईला सांगितलं, घसा बसलाय, ताप होता, औषधानं झोप येते, आत पडलेत. जीभ सरळ चालली. ही शेजारी बसली होती. ताई थोडी हिरमुसली. मग तिनं तिथली एक भानगड सांगितली, तिचा चमचा चार दिवस हरवला होता, शेवटी हवा खेचणाऱ्या जाळीवर चिकटलेला सापडला. तिथं हरवलेलं सगळं तिथंच जाऊन बसतं म्हणे. मी हसलो, जरा जास्तच.

निघायच्या वेळी म्हणाली, "निदान टोले तरी देतील ना?"

सुचलं मला. म्हटलं, "थांब, सांगतो त्यांना." अण्णांच्या खोलीत गेलो. पाण्याचा पाइप तिथूनच जातो. त्यांचा जुना पाना खिडकीत होता. तो हातात घेतला आणि काय झालं कोणास ठाऊक, आठवडाभर जे मनात घुमत होतं तेच घुमायला लागलं. ताई, ये गं. खाली ये. मला एकट्याला हे उचलत नाही. डोळे मिटून मारले. टक, टक, टक. खणखणीत. अगदी अण्णांचा हात.

बाहेर आलो तर ताई हलेना. मला वाटलं चित्रच अडकलं. पण तिच्या मागून एक पेन सावकाश तरंगत चाललं होतं, म्हणजे चित्र चालू होतं. तिनं परतीचे टोले दिले नाहीत. विसरली असेल. मग म्हणाली, "बरं. झोपू दे त्यांना." आवाज घोगरा. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, सर्दी. इथं नाक वाहत नाही रे, नुसतं चोंदून बसतं. आणि तिनं लवकर आवरतं घेतलं.

हिला म्हटलं, बघ, संशयसुद्धा आला नाही. ही मफलर घडी करून ठेवत होती.

शुक्रवार, १८ एप्रिल

डॉक्टरबाईंचा फोन. मी आधी विचारलं, ताईची सर्दी कशी आहे?

त्या म्हणाल्या, "सर्दी?" मग म्हणाल्या, "दोन दिवस त्यांनी व्यायाम केला नाही. आता करतायत. सांगितल्यापेक्षा जास्तच करतायत."

"घरचं काही विचारलं?"

"एकच. भाऊ जेवतोय का, झोपतोय का, ते बघा म्हणाल्या."

हे बघा! तिथं पृथ्वीबाहेर लटकलेली, आणि काळजी कोणाची, तर माझी, धडधाकट माणसाची. अण्णा आजारी आहेत असं मी सांगितलंय, तर त्यांची चौकशी करायची सोडून. ताईचं कायम असं उलटं असतं.

रविवार, २० एप्रिल

आज मी कमाल केली.

तो घोरण्याचा आवाज आहे ना फोनमध्ये! ताईशी बोलायला बसायच्या आधी तो फोन अण्णांच्या खोलीत ठेवला, लावून. दार अर्धवट उघडं. बोलायला लागलो आणि आतून घर्र सुरू.

ताई बोलता बोलता थांबली. "हे काय?"

"दुसरं काय? अण्णा. जेवून झोपलेत."

ती म्हणाली, "दार पूर्ण उघड रे. ऐकू दे जरा." उघडलं. आम्ही तिघं गप्प बसून अण्णांचं घोरणं ऐकत होतो. मला एकदा वाटलं, आत जावं आणि पांघरूण नीट करावं. उठलोसुद्धा होतो.

तिच्या डाव्या डोळ्यावर पाण्याचा एक मोठा थेंब बसला होता, गोटीएवढा, थरथरत होता पण पडत नव्हता. म्हटलं, हे काय गं? म्हणाली, डोळ्यात औषध घातलंय, इथली हवा कोरडी. तिनं फडक्यानं टिपून घेतला. मी सांगितलं, पडद्याकडे फार बघत जाऊ नकोस, डोळे बिघडतील. "बरं," म्हणाली. ताईनं माझं असं निमूट कधी ऐकलंय?

खिदळण्याच्या आत मी जाऊन फोन बंद केला.

रविवार, ४ मे

थोडक्यात वाचलो. आता दर रविवारी ताई स्वतःच म्हणते, अण्णांना उठवू नकोस, दार तेवढं उघड. ऐकत ऐकत काहीबाही सांगते. आज अण्णांच्याच गोष्टी निघाल्या. एकदा लिफ्ट मधेच अडकली तर आतल्या माणसांना धीर यावा म्हणून अण्णा वरून बेसूर गाणी म्हणत होते, शेवटी आतला एक जण ओरडला, आम्हाला पडू द्या पण तुम्ही थांबा. ती हसत होती, मी हसत होतो, आणि त्या नादात मी वेळेवर उठलोच नाही. आतून हिचं खिदळणं ऐकू आलं. आणि ही माझ्या शेजारी बसलेली, तोंड मिटून!

माझी पाचावर धारण बसली. ताई क्षणभर हिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, किती दिवसांनी तुझं हसणं ऐकलं. बरं वाटलं."

ही उठून आत गेली.

मी हुश्श केलं. तिथून तिला काय कळणार आवाज कुठून आला ते.

बुधवार, १४ मे

कडाक्याचं भांडण. ही म्हणाली, "मला वाटतं ताईंना कळलंय."

मी म्हटलं, वेड लागलंय का? कळलं असतं तर ती अशी हसली असती? अण्णांचं म्हटल्यावर ताई स्थानक डोक्यावर घेईल. आमच्या घरात सगळ्यांत हळवी तीच.

ही म्हणाली, "सगळ्यांत हळवा कोण आहे ते मला माहिती आहे." आणि भांडी घासायला लागली.

रागारागानं कामावर गेलो. एका जुन्या इमारतीत ब्रेकची तपासणी होती. रिकामी लिफ्ट, मी एकटा आत. खाली निघाली तसा पोटात तो खड्डा पडला. अर्धा क्षण फक्त. आणि मला एकदम वाटलं, ताई अशीच आहे, हेच तिचं घर, दिवस नाही रात्र नाही, सारखा हाच खड्डा. आणि ह्यात ती अण्णांच्या तब्येतीची वाट बघतेय. तळमजल्यावर दार उघडलं तर बाहेर अण्णा उभे नव्हते. मी काय धरून बसलो होतो कोणास ठाऊक. लिफ्टमध्येच बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. एक बाई पिशव्या घेऊन उभ्या होत्या, त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "मी जिन्यानं जाते."

अण्णा, तुम्ही म्हणाला होतात, उभा राहीन.

रविवार, २५ मे

ताई परवा बाहेर जाऊन आली! सगळा वेळ मी टीव्हीसमोर, जीव टांगणीला. पांढऱ्या पोशाखात इवलीशी दिसत होती, दांड्याला धरून. काम चोख केलं म्हणतात.

आज खूप बोलली. हातमोजे इतके ताठ की प्रत्येक वेळी मूठ वळायला जोर लावावा लागतो, नखं काळीनिळी पडलीत. काम संपल्यावर आत यायच्या आधी तिला थोडा वेळ थांबायला सांगितलं, तेव्हा तिनं हातातल्या अवजारानं दांड्यावर दोन टोले मारले.

"ऐकू आले?" मी विचारलं.

"तिथं हवाच नाही, आवाज कसला? पण हाताला कळतात."

"कोणासाठी मारलेस?"

"अण्णांना सांग, मी वर पोचले."

सांगतो म्हटलं. नंतर अण्णांच्या खोलीत जाऊन खरंच सांगितलं, मोठ्यानं. हिनं ऐकलं असावं.

रविवार, २२ जून

आजचं बोलणं लिहायचं नव्हतं, पण डोकं तापलंय.

उतरायच्या आधीचा हा शेवटचा रविवार. पुढं तिला सवड नाही. सगळं बोलली. माझं वजन का उतरलं, वहिनीची पाठ कशी आहे, खाली आल्यावर पहिलं गरम पाण्यानं अंघोळ करणार, कारण तिथं पाणी अंगावरून ओघळतच नाही, चिकटून बसतं. पण अण्णांचं नाव? एकदाही नाही! ना दार उघड म्हणाली, ना घोरणं ऐकायचं म्हणाली. मी मुद्दाम आवाज लावून ठेवला होता, तर म्हणाली, "बंद कर रे ते आता. किती दिवस करशील?"

मी म्हटलं, बंद काय करू, माणूस झोपलाय!

तर ताईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाली, "ठोंब्या, दमलास ना? आलेच मी."

मी दमलोय हे तिला दिसतं, आणि ज्या माणसानं जन्मभर तिला वर वर चढवलं तो अडीच महिने दिसला नाही, तर विचारावंसंही वाटत नाही? इतकं मोठं झालं का माणूस? हिला म्हटलं, बघितलंस? ही माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी तिचा मुलगा आहे.

शनिवार, ५ जुलै

उतरली. सुखरूप. उचलून बाहेर काढलं तिला, मान धरवत नव्हती, पण हात हलवला. मंगळवारी भेटायला बोलावलंय. आता सांगायचं. वाक्य ठरवलं आहे. "ताई, अण्णा आठ एप्रिलला झोपेत गेले, त्यांना काही त्रास झाला नाही." आरशासमोर म्हणून पाहिलं. "आठ एप्रिल"पर्यंत जातो, पुढं आवाज जात नाही.

मंगळवार, ८ जुलै

आठवेल तसं लिहितो.

पुनर्वसन केंद्राच्या तळमजल्यावर ताई चाकांच्या खुर्चीत बसली होती. डॉक्टरबाई मागं उभ्या. तोंडावरची सूज गेलेली, गाल आत. पाय इतके बारीक की पँट रिकामी वाटत होती. तळपाय मऊ पडलेत, दोन पावलं टाकली की डोळ्यांपुढं अंधारी येते. हात गुडघ्यावरून उचलायचा तरी विचार करून उचलते. म्हणाली, स्वतःची जीभसुद्धा जड वाटतेय.

ही दारातच थांबली. मी ताईच्या समोर गुडघ्यांवर बसलो. म्हटलं, "ताई. अण्णा आठ..."

तिनं खुर्चीच्या दांडीवर बोटाच्या पेरानं एक टोला मारला.

एकच.

मी थांबलो. लहानपणापासूनची सवय आहे, एक ऐकला की थांबायचं.

"त्या रविवारी तू तीन मारलेस," ती म्हणाली. "अण्णांनी मला उभ्या जन्मात कधी खाली बोलावलं नाही रे."

मला आधी कळेना. मग पाना आठवला, मिटलेले डोळे आठवले, आणि ते तरंगत जाणारं पेन. तीन मारले होते मी. जन्मभर टोले मारणारा माणूस मी.

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू मला सांभाळत होतास. मी कळलं म्हटलं असतं तर तू मोडला असतास, आणि मला तिथून हात लावता आला नसता तुला." मग म्हणाली, "आणि ते घोरणं. तेवढंच राहिलं होतं ना. तू लावायचास, मी ऐकायचे."

आणि मी बावीस जूनला ह्या वहीत काय काय लिहून बसलोय तिच्याबद्दल.

तिनं फोन मागितला. मी लावला. अण्णा घोरायला लागले. या वेळी बंद केला नाही, शेवटपर्यंत जाऊ दिला, हिच्या खिदळण्यापर्यंत. दारात ही तोंडात पदर कोंबून उभी होती.

ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. गालावरून खाली आलं, हनुवटीवर थांबलं, आणि तिच्या हातावर पडलं. ती त्या थेंबाकडे बघत राहिली. डॉक्टरबाई रुमाल घेऊन पुढं झाल्या तर म्हणाली, "नको. पडू द्या. तिथं पडत नव्हतं. डोळ्यावरच साचून राहायचं, टिपून काढावं लागायचं." आणि मग ती जी रडली, तशी ती आई गेली तेव्हाही रडली नव्हती. तीन महिन्यांचं साचलेलं. मी पुसलं नाही. मीही तेच करत होतो.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. मी खुर्ची ढकलत लिफ्टमध्ये नेली. दार लागलं. सवयीनं माझे कान मोटरकडे. बेअरिंग जरा वाजत होतं. लिफ्ट वर निघाली तशी ताई खुर्चीत खचली, माझा हात घट्ट धरला.

"किती जड वाटतंय रे सगळं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "वर जाताना वाटतंच."

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. आम्ही दोघंही थोडा वेळ आतच थांबलो.